बर्डी नावाचा भ्रंश

धनत्रयोदशीच्या आठवड्यात मला जेवढे फोन येतात तेवढे माझ्या वाढदिवसालाही येत नाहीत. "मंजूताई, तुम्ही सोन्याच्या लाइनीत ना? भाव उतरेल का हो?" मी सांगते, बाई गं, माझा सोन्याशी संबंध ते जमिनीखाली असेपर्यंतच. एकदा वर आलं, वितळलं, सराफाकडे गेलं, की ते मला ओळखत नाही आणि मी त्याला. ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. मंजूताईला सगळं माहीत असतं, सांगत नाही इतकंच, अशी माझी सासर-माहेर दोन्हीकडे ख्याती आहे.

तर या दिवाळीला एकदाचं सांगूनच टाकते. सोनं जमिनीच्या पोटात कुठे आहे, कसं पसरलंय, कुठे वळतं आणि कुठे संपतं, याचं चित्र संगणकावर उभं करायचं, तेही असं की ते चारी बाजूंनी, वरून, खालून फिरवून पाहता यावं, हा माझा धंदा. नागपूरच्या विमानतळालगत, मिहानमधल्या एका इमारतीत आमचं छोटं ऑफिस आहे. खिडकीतून विमानं उतरताना दिसतात आणि आम्ही मात्र दिवसभर पडद्यावर पाताळात उतरलेले असतो. खाणी दूरदूरच्या, कुठे दक्षिणेतल्या, कुठे आफ्रिकेतल्या. त्यांच्या पोटाची चित्रं तयार होतात नागपुरात, आणि मध्ये मध्ये तर्री-पोहेही होतात.

हे काम कसं चालतं ते सांगायला मी नेहमी सांबारवडी घेते. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. त्या वडीच्या आत सारण कुठवर भरलंय, ते तुम्हाला वडी न मोडता सांगायचं आहे असं समजा. मग तुम्ही एक पोकळ दाभण घ्याल, इथे टोचाल, तिथे टोचाल, आणि दाभणात काय आलं ते पाहाल. इथे नुसतं पीठ, इथे सारण, इथे पुन्हा पीठ. खाणीत दाभणाच्या जागी बोअर असतो. पोकळ नळीतून दगडाची लांबलचक कांडी बाहेर येते, तिला कोअर म्हणतात. सोनं असतं ते बहुधा पांढऱ्या गारगोटीच्या शिरेत, आणि तेही टनभर दगडात चिमूटभर, डोळ्यांना न दिसणारं. कोअरमध्ये शीर कुठे लागली, ते आम्ही संगणकात बरोबर त्या जागी टिंब देऊन मांडतो आणि टिंबं जोडत जातो. दोन बोअरांच्या मध्ये जे आहे ते कुणीच पाहिलेलं नसतं. तिथे आमची अक्कल चालते, आणि ती चुकली तर खाणवाले भलत्याच दगडात बोगदा खणत बसतात.

गिऱ्हाइकंही एकेक नमुना. एका खाणीचे मालक आमचं मॉडेल बघायला मुद्दाम नागपूरला आले होते. आम्ही दिवे मालवून मोठ्या पडद्यावर शीर फिरवून दाखवली. जिथे सोनं जास्त तिथे लाल रंग, ही आमची रीत. मालक हळूच म्हणाले, "सब ठीक है मॅडम, लेकिन लाल देख के घाटा याद आता है. पीला कर सकते हैं क्या?" आम्ही पिवळा केला. त्यांचा चेहरा इतका खुलला की तेव्हापासून आमच्याकडे सोनं पिवळंच दाखवतात.

आणखी एक रीत सांगायची राहिली, आणि ही गोष्ट तिच्यावरच उभी आहे. जमिनीत कुठे कुठे मोठ्या भेगा असतात, जिथे एका बाजूचा सगळा खडक दुसऱ्या बाजूपासून सरकलेला असतो. त्याला भ्रंश म्हणतात. शीर चालत चालत भ्रंशापाशी आली की तुटते आणि पुढचा तुकडा भलतीकडेच सापडतो. मॉडेलमध्ये प्रत्येक भ्रंशाला नाव द्यावं लागतं. पूर्वी आम्ही एक, दोन, तीन असे आकडे द्यायचो, पण एका कामात दोघांनी दोन वेगवेगळ्या भ्रंशांना 'तीन' म्हणून ठेवलं आणि जो गोंधळ झाला तो विचारू नका. तेव्हा आमचे साहेब, पाठक सर, वैतागून म्हणाले, "आकडे बंद. नागपुरातल्या जागांची नावं द्या. धंतोली आणि महाल यात तरी कुणाची गफलत होणार नाही." तेव्हापासून देशोदेशीच्या खाणींच्या पोटात इतवारी आहे, गोकुळपेठ आहे, सक्करदरा आहे. आणि दक्षिणेतल्या एका जुन्या खाणीत बर्डी होती.

बर्डी म्हणजे सीताबर्डी, शहराच्या मधोमधली मोठी बाजारपेठ, जिथे सगळं गाव बसमधून उतरतं. पण अख्ख्या नागपुरात पूर्ण नाव घेणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

त्या खाणीतला भूवैज्ञानिक होता सुधाकर भोयर. मूळचा उमरेडचा. आजोबा मागावर, वडील कोळशाच्या खाणीत, आणि हा सोन्यात. "काळ्यातून पिवळ्यात आलो ताई, पन हात धुतले का पानी काळंच निघते," असं म्हणायचा. तिकडे मराठी बोलायला कुणी नाही म्हणून कामाचं काही नसलं तरी मला फोन करायचा. "तुमाले फोन केला का तोंड मोकळं होते." आमच्या मॉडेलमध्ये बर्डी पाहून त्याला इतका आनंद झाला की खाणीतल्या तेलुगू-कन्नड बोलणाऱ्या पोरांनाही त्याने तो शब्द शिकवला. बोगद्यात सगळे बर्डीच्या अलीकडे, बर्डीच्या पलीकडे असंच बोलू लागले. शीर बर्डीपाशी तुटून पूर्वेला सरकली आहे, असं पाठक सरांनी मॉडेलमध्ये दाखवलं, तेव्हा हा फोनवर हसून म्हणाला होता, "बरोबरच हाये सायेबाचं. नागपूरले आलेला मानूस बर्डीले उतरल्याबिगर राह्यते का? शीर बी उतरली असन."

आणि मग त्याचं हसणं थांबलं.

झालं असं. खाणीतला बोगदा शिरेच्या मागे मागे उत्तरेकडे निघालेला होता. भ्रंशात दगडाचा भुगा झालेला असतो, पाणी झिरपतं, छत धरत नाही. म्हणून बर्डी यायच्या आधीच, बऱ्या जागी, बोगदा पूर्वेकडे वळवायचा, बर्डी एकदाच आडवी ओलांडायची आणि पलीकडे सरकलेली शीर गाठायची, असा आराखडा आमच्या मॉडेलवरून ठरला. त्यावर सही भोयरची. बोगदा वळवला. खणत गेले, खणत गेले, आणि लागला तो नुसता काळा कातळ. जिथे शीर लागायला हवी होती ती जागा मागे पडली, तरी शिरेचा पत्ता नाही. खाणीतल्या लोकांनी त्या बोगद्याला 'भोयर गल्ली' नाव ठेवलं. दुसरीकडे निघतच नाही ती गल्ली.

वरिष्ठांनी मग ठरवलं की उत्तरेकडचं सोनं संपलं. महिनाअखेर त्या भागातले पंप बंद करायचे. हे वाक्य बाहेरच्यांना साधं वाटेल. खाणीत पाणी सतत येत असतं आणि पंप ते सतत बाहेर फेकत असतात. पंप थांबले की तो भाग पाण्याने भरतो, आणि पाण्याने भरलेल्या भागात पुन्हा उतरायचा खर्च कुणी करत नाही. पंप बंद म्हणजे भोयरच्या टोळीतली माणसं इकडेतिकडे विखुरणार, आणि भोयर वर, सामानाच्या गोदामात, नट-बोल्ट मोजायला. ज्या माणसाने सगळं आयुष्य त्या शिरेच्या मागे काढलं त्याला शेवटी तीच हरवल्याचा डाग.

त्याचा फोन आला तेव्हा आवाज बसलेला होता.

"ताई, मले एक सांगा. आमी गल्ली खनली, म्हंजे बर्डी ओलांडली ना?"

"हो. मॉडेलप्रमाणे तर ओलांडलीच."

"मंग आमाले बर्डी दिसली काहून नाई? ना भुगा, ना पानी. अख्खा दगड, ठनठन वाजनारा. भ्रंश असा गुपचूप असते काय वं?"

मी पाठक सरांना विचारलं. ते म्हणाले, काही भ्रंश अगदी बारीक असतात, अंधारात नजरेतून सुटतात. तेही खोटं नव्हतं. मला काम मिळालं होतं ते त्या खाणीचं शेवटचं मॉडेल नीटनेटकं करून द्यायचं. म्हणजे मढ्याला आंघोळ घालण्यातला प्रकार. माझा जीव लागेना.

त्याच रविवारी हुडकेश्वरला माझ्या धाकट्या दिराकडे जेवण होतं. प्रमोदने तिकडे नवं घर बांधलं होतं. मी पोचले तर स्वयंपाकघरात जाऊ सुनंदा डोळ्यांना पदर लावून उभी, आणि हॉलमध्ये एक वास्तुतज्ज्ञ तळहातावर होकायंत्र धरून उभे. कपाळावर ठसठशीत गंध, पायात पांढरे मोजे.

"काय झालं गं?"

"ओटा फोडा म्हणते वं वहिनी," सुनंदा म्हणाली. "स्वयंपाकघर चुकीच्या दिशेले हाये म्हणते. आत्ताच तं ग्रॅनाइट लावला!"

तज्ज्ञांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "मॅडम, सुई खोटं बोलत नाही. हे पाहा, अग्नीच्या जागी वायू आहे. असं घर नांदत नाही."

मी पाहिलं. गृहस्थ उभे होते ते बरोबर प्रमोदच्या नव्या लोखंडी आलमारीला टेकून. मी म्हटलं, द्या इकडे जरा. होकायंत्र घेतलं आणि सरळ शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर गेले. घराच्या भिंतीच्या रेषेत उभी राहिले. सुई शांतपणे वळली. आत आल्यावर आलमारीजवळ पुन्हा धरलं. सुई पुन्हा बहकली. प्रमोद मागे मागे येऊन हे सगळं पाहत होता.

"अहो महाराज," तो म्हणाला, "तुमची सुई तं आमच्या आलमारीच्या प्रेमात पडली!"

"घराच्या आतली दिशाच खरी असते, बाहेरची नाही," तज्ज्ञ ताडकन म्हणाले. एवढ्या आत्मविश्वासाने म्हणाले की क्षणभर मलाच शंका आली. पण सुनंदाचे अश्रू वाळले होते आणि तिने त्यांना चहाही विचारला नाही, यावरून ओटा वाचला हे मी ओळखलं.

जेवायला बसलो. सगळे त्या आलमारीवरून हसत होते, मीही हसत होते. भाजीचा घास तोंडाकडे नेला आणि हात तिथेच थांबला.

उत्तरेकडचा तो काळा दगड. बोअर घातल्यावर त्याची वाट मोजायला त्यात एक बारीक उपकरण सोडतात, कारण बोअर जमिनीत सरळ जात नाही, जरा जरा वाकडा होत जातो. तो किती खाली झुकला आणि कुठल्या दिशेला वळला हे ते उपकरण सांगतं. दिशा कशावरून सांगतं? आतल्या होकायंत्रावरून. आणि उत्तरेकडच्या काळ्या दगडात होतं काय? लोखंड. आमच्याच मॉडेलमध्ये त्या पट्ट्याचं नाव 'लोहयुक्त पट्टा' असं होतं, आणि तो हिरव्या रंगात रंगवलेला, आम्हीच रंगवलेला!

"वहिनी, भाजी तिखट झाली काय?" सुनंदाने विचारलं.

मी म्हटलं, "नाही गं. भाजी फार चांगली झाली." घास गिळला आणि मनात म्हटलं, अगं, तुझ्या ओट्याने आज सोन्याची खाण वाचवली असली तर?

सोमवारी मी ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचले. मॉडेल उघडलं, त्यातला बाकीचा सगळा पसारा लपवला आणि फक्त बोअरांच्या वाटा आणि तो हिरवा पट्टा ठेवला. मग हळूहळू फिरवलं. माझ्या तोंडून "बाप्पा!" असं इतक्या जोरात निघालं की झाडू मारणाऱ्या शांताबाई धावत आल्या. उत्तरेकडचा प्रत्येक बोअर हिरव्या पट्ट्यात शिरताच एकाच बाजूला झुकत होता आणि पट्टा संपताच परत आपल्या मूळ दिशेला लागत होता. एक नाही, सगळे. रांगेत चालणाऱ्या पोरांनी एकदम डावीकडे मान वळवून पुन्हा समोर बघावं तसे.

आता कुणी विचारेल, हे आधी कुणाला दिसलं नाही? दिसलं होतं. पण आमच्या धंद्यात पहिल्याच वर्षी शिकवतात की कठीण थर लागला की बोअर वळतो. वळण दिसलं की आम्ही मान डोलावतो. वर त्याच खाणीच्या दक्षिणेकडे हेच उपकरण अगदी बरोबर निघालं होतं, तिथे बोगदे खणून शीर हाताने चाचपलेली होती. तिथे हा काळा दगड नव्हता, एवढंच. आमच्याच लोकांनी करावी अशी ही चूक होती. अडाणी माणूस ते वळण पाहून फसला नसता, कारण कठीण थरात बोअर वळतो हे त्याला माहीतच नसतं.

पण वळलेला बोअर परत सरळ होत नाही. आत जाते ती पोलादी नळ्यांची लांब काठी. ती हळूहळू वाकेल, पण एवढ्याशा अंतरात इकडे वळून लगेच तिकडे? नळ्या मोडतील. मी भोयरला फोन लावला.

"भोयर, उत्तरेच्या बोअरांत नळ्या कधी अडकल्या होत्या? मोडल्या?"

"नाई वं ताई. सरसर गेल्या. काहून?"

"नंतर सांगते."

"आता सांगा ना!"

मी फोन ठेवला. भोयरला सांगायच्या आधी पाठक सरांना सांगणं भाग होतं. बर्डी त्यांनी काढलेली होती. आमच्या छोट्या ऑफिसात त्यांचा शब्द शेवटचा, आणि तो बहुतेक वेळा बरोबर असायचा, हीच तर अडचण होती. मी माझं कॉलेजपासूनचं होकायंत्र पर्समध्ये टाकलं आणि त्यांच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि त्यांचा चेहरा आक्रसत चालला होता.

"मंजूषा, बोगद्यात शीर सापडली नाही की उपकरणावर खापर फोडणं फार सोपं असतं," ते म्हणाले. "त्या दगडात लोखंड आहे हे मलाही माहीत आहे. पण लोखंड असलेला प्रत्येक दगड सुई ओढत नाही. हा ओढतो, याला पुरावा काय?"

प्रश्न योग्य होता. दगड होता हजार कोसांवर. मी टेबलाकडे पाहिलं, आणि टेबलावर तो होता! भोयरने मागच्या भेटीत सरांना त्याच उत्तरेकडच्या कोअरचा एक तुकडा घासूनपुसून भेट दिला होता. काळ्या-तांबड्या पट्ट्यांचा, फार देखणा. सरांना इतका आवडला की कागद उडू नयेत म्हणून ते तो कायम टेबलावर ठेवायचे.

मी पर्समधून होकायंत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. सुई स्थिर झाली. मग तो तुकडा उचलून हळूच जवळ सरकवला. सुई थरथरली आणि वळली. दगड उजवीकडे नेला, सुई उजवीकडे. डावीकडे आणला, सुई डावीकडे.

सर खुर्चीतून उठले. "सरक," म्हणाले. दगड स्वतःच्या हातात घेतला, पुन्हा केलं. दूर नेला, पुन्हा जवळ आणला. मग लांबच्या खुर्चीवर होकायंत्र ठेवून पुन्हा. मला वाटलं आता संतापतील. ते त्या दगडाकडे पाहत राहिले आणि एकदम हसायला लागले, मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"मंजूषा, अगं, इतके दिवस मी बर्डीचे नकाशे याच दगडाने दाबून ठेवत होतो!"

त्या क्षणी मला हा माणूस जितका मोठा वाटला तितका कधी वाटला नव्हता. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि म्हणाले, चल, बिघडलेल्या दिशा काढून टाक, पट्ट्याच्या आधीच्या आणि नंतरच्या धरून वाट पुन्हा आख. आम्ही दोघं शेजारी बसलो. मी टिंबं हलवत होते आणि ते बघत होते. पूर्वेला सरकलेली टिंबं एकेक करून परत येत होती. शेवटचं टिंब जागेवर आलं आणि पडद्यावर शीर दक्षिणेकडून निघून बर्डीच्या जागेवरून सरळ, न तुटता, उत्तरेला निघून गेली. खोटं कशाला सांगू, मी टाळ्या वाजवल्या.

एकच गोष्ट तेव्हाही टोचली आणि आजही टोचते. पडद्यावरची टिंबं हलवता येतात. खणलेली भोयर गल्ली हलवता येत नाही. माणसांनी घाम गाळून रिकाम्या दगडात घातलेला तो बोगदा आमच्या चित्रावरून घातला होता, आणि तो तिथे कायमचा राहणार.

खाणीच्या वरिष्ठांबरोबर बैठक झाली ती पडद्यावरूनच. त्यांचे मोठे साहेब शांतपणे म्हणाले, "तुम्हीच सांगितलं वळा, आता तुम्हीच सांगता सरळ जा. तुमचं ऐकावं का?" मी तोंड उघडलं, पण पाठक सरांनी हाताने थांबवलं.

"ऐकू नका," ते म्हणाले. "चूक माझी आहे, बर्डी मी काढली. भोयरांनी माझ्या चित्रावर विश्वास ठेवला, एवढाच त्यांचा दोष. माझ्या शब्दावर जाऊ नका. उत्तरेचा एखादा जुना बोअर अजून उघडा असेल, त्यात जायरो सोडून पाहा. मग काय ते ठरवा." जायरो म्हणजे भोवऱ्यासारखं फिरणाऱ्या चाकावर चालणारं उपकरण. त्याला लोखंडाचं काही सोयरसुतक नसतं.

भोयर त्या बैठकीत मागच्या रांगेत बसला होता. मी पडद्यावर पाहिलं, तो चष्मा काढून पुसत होता.

बहुतेक बोअर ढासळून बुजलेले होते. एक उघडा सापडला. त्यात जायरो सोडला. भोयरचा फोन आला तेव्हा तो इतका ओरडत होता की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "सरळ हाये ताई! बोअर सरळ हाये! सुई पागल झाली होती, बोअर नाई!"

साहेबांनी मग परवानगी दिली, पण बेताचीच. पंप बंद करायची तारीख तीच. तोवर जुना बोगदा सरळ जितका पुढे जाईल तितका जाऊ द्या. तोवर शीर बर्डीच्या पलीकडे दिसली तर ठीक, नाहीतर पाणी भरू द्या.

बोगद्यात आधी भोकं पाडून दारू भरतात, उडवतात, धूर निघून गेला की दगड उपसतात आणि समोरची नवी भिंत पाहतात. भोयर दर ब्लास्टनंतर वर येऊन त्या भिंतीचा फोटो पाठवायचा. हेल्मेटच्या उजेडात काळी भिंत आणि मधून खालपर्यंत गेलेला पांढरा पट्टा. बर्डीच्या अलीकडे शीर असणार हे ठाऊकच होतं. तरी प्रत्येक फोटोला आम्ही हातातला चहा तसाच टाकून पडद्याभोवती जमायचो. मी मॉडेलमध्ये बोगदा तेवढाच पुढे सरकवायची. बर्डी मी अजून पुसली नव्हती. सर म्हणाले होते, जोवर डोळ्यांनी दिसत नाही तोवर राहू दे. बोगद्याचं टोक त्या निळ्या पडद्यासारख्या भ्रंशाला टेकायला आलं होतं.

एक दिवस फोटो आला नाही.

सकाळ गेली. दुपार गेली. मी फोन लावला, लागेना. खाली उतरलेल्या माणसाला फोन लागत नाही. सर खिडकीशी उभे राहून उतरणारी विमानं बघण्याचं नाटक करत होते. माझ्या मनात भुगा झालेला दगड, कोसळलेलं छत, भ्रंश खराच असला तर, असं काय काय येऊन गेलं. बर्डी खरी निघाली तर सरांची चूक नव्हती, माझी होती. आणि भोयरला दुसऱ्यांदा मीच खड्ड्यात घातलं असतं.

विमानतळावर दिवे लागायच्या सुमाराला फोन वाजला. मी तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. भोयर धापा टाकत होता.

"फोटो काहून नाही पाठवला?" घाबरल्यामुळे मीही नागपुरी झाले.

"खात्री कराले अजून एक ब्लास्ट घेतला ताई! आधी बर्डीवर आलो, तं शीर तशीच. मले वाटलं डोळे धोका देऊन राहिले. मंग अजून एक घेतला. आता बर्डी मांगं पडली अन् शीर पुढंच हाये!" त्याचा आवाज फाटला. "अख्खी दुनिया बर्डीले उतरते वं ताई, ही बाई उतरलीच नाई! सरळ चालली, सरळ!"

सरांनी पुढे वाकून माउस हातात घेतला. पडद्यावरच्या निळ्या बर्डीवर टिचकी मारली आणि फोनकडे तोंड करून विचारलं, "भोयर, पुसू?"

"पुसा सायेब! अन् थांबा, हे ऐका."

चालण्याचा आवाज आला, कुणीतरी हसत काही बोललं. मग भोयरने फोन कशाच्या तरी जवळ धरला. आधी नुसती घरघर वाटली. मग कळलं. खाणीच्या तोंडाशी जाड नळातून खालचं पाणी धो धो बाहेर पडत होतं.

"साहेबानं आत्ता येऊन सांगतलं," त्या आवाजातून तो ओरडला, "पंप बंद नाई करत म्हणून!"

सरांनी बर्डी पुसली. मग आम्ही दोघं मिहानमधल्या त्या खोलीत, फोन मध्ये ठेवून, कितीतरी वेळ ते पाणी पडताना ऐकत बसलो.